फोडशीचा वाफा

माझी आई, भागीबाई, सातपूरला आमच्याकडे कितीही राहिली तरी पाहुणीच. तिची कापडी पिशवी कायम खुंटीवर, भरलेली. उन्हाळा सरत आला की तिला पेठकडच्या आमच्या पाड्याची ओढ लागायची आणि कारण एकच सांगायची: फोडशी.

फोडशी ही आमच्याकडची रानभाजी. दिसायला निव्वळ गवत. पावसाळा लागला की डोंगरउतारावर आपली आपण उगवते, हिवाळ्यात वाळून नाहीशी होते आणि जमिनीतले कंद पुढच्या पावसापर्यंत निवांत झोपतात. वर्षाची पहिली भाजी आपल्या घरच्या देवाला दाखवायची, मगच तोंडात घालायची, ही आमची रीत. तोवर आई दुसऱ्याच्या घरी तिचा घाससुद्धा घेत नाही. आणि आईचं घर म्हणजे पाड्यावरचं, जिथे आता माझा धाकटा भाऊ केरू राहतो. सातपूरचं घर म्हणजे ‘हिरामणचं घर’. हे ती मला तोंडावर म्हणायची आणि मला ते लागायचं.

माझी बायको सविता माझ्याहून हट्टी. गेल्या पावसाळ्यात ती म्हणाली, “आई, फोडशी इथेच लावा की, दारात.”

आई हसली, पण केरूकडून मातीसकट कंद मागवून तिने दारापुढे वाफा केला. पाती छान तरारली आणि दिवाळीनंतर वाळून गेली. “आता पुढल्या साली फुटली तर हितंच देवाला दाखवीन,” ती म्हणाली. सविताने त्याच दिवशी देव्हारा घासूनपुसून लख्ख केला. मीही, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात नवस बोललो.

चैत्रात आई एका लग्नासाठी पाड्यावर गेली ती तिकडेच रमली. वाफ्याला पाणी घालू नकोस, हे सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. आमच्या डोंगरात उन्हाळ्यात माणसांनाच पाणी मिळत नाही, झोपलेल्या कंदांना कोण घालणार? आणि सविता गोदाकाठच्या सायखेड्याची. तिच्या माहेरी पान वाळलेलं दिसलं की आधी मोटार सुरू करतात, मग चहा. मी आपला शिफ्ट करून यायचो आणि आडवा व्हायचो.

पाऊस सुरू झाल्यावर आई आली. रस्त्याकडेला नको नको ते गवत माजलं होतं. आमचा वाफा तेवढा उघडा. आईने खुरपं घातलं, तर हाताला कुजलेल्या कंदांचा काळा, बुळबुळीत लगदा लागला.

“पाणी घातलंस का गं?”

“रोज,” सविता म्हणाली. “नळ आला नाही त्या दिवशीसुद्धा. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं. माहेरून शेणखत आणून घातलं.” मग तिचा चेहरा उतरला. “मीच मारली ना?”

आई हात धुऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची पिशवी घेतली आणि “पाड्यावर जाऊन येते” म्हणत एसटी गाठली. ‘जाऊन येते’ म्हणजे दिवाळी, हे आम्हाला पाठ होतं.

मला आईचा राग आला. एवढीशी गवताची काडी, तिच्यावर कोण आपलं नि कोण परकं ठरवायचं? पण येता-जाता नजर रिकाम्या खुंटीकडेच जात होती. सविता तर देव्हाऱ्याकडे बघायलाही तयार नव्हती.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दार वाजलं. आई! डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. पिशवीतून तिने फोडशीच्या हिरव्यागार जुड्या काढल्या आणि फडक्यात बांधलेले कंद.

“केरूच्या बायकोला सांगितलं, माझी सून उन्हाळाभर वाळक्या गवताला पाणी पाजीत व्हती. ती लय हसली,” आई पदराने तोंड पुसत म्हणाली. “मला नाय हसू आलं.”

सविताने जुड्या हातात घेतल्या. “तिकडे नवी भाजी खाऊन आलात ना, आई?”

“कशी खाईन? ती ताट वाढून बसली व्हती. म्हटलं, नको बाई, माझ्या घरी देवाला दाखवायची हाय अजून.”

मी खुंटीकडे बघत राहिलो. सविता जुड्या तशाच छातीशी धरून दारात गेली आणि वाफ्यापाशी उभी राहून हमसून हमसून रडायला लागली.

आई आतून ओरडली, “रडायचं तर आत येऊन रड गं! त्या वाफ्याला लय पाणी झालंय आधीच!”