काळ्या दगडातला मासा

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांच्या नजरेची कामं करून घरी आला, की जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून दगडात गाडले गेलेले, लाखो वर्षांपूर्वीचे मासे मोकळे करायचा. सुई, मऊ ब्रश, भिंग आणि लागेल तितका वेळ. बायको नर्स, तिच्या ड्युट्यांचा काही नेम नसे. तिची तक्रार एवढीच, की घासाघासाला दाताखाली कच येते.

हल्ली तिचे वडीलही त्यांच्याकडे राहायला आले होते. जन्मभर लोकांना पोहायला शिकवलेला माणूस. खुब्याचं हाड मोडलं, तलाव सुटला आणि त्याबरोबर बोलणंही आटलं. दिवसभर खिडकीशी बसून असायचे. जावयाचा छंद त्यांनी एकदाच नीट पाहिला आणि म्हणाले, "मेलेल्यांना अंघोळी घालताय, जावईबापू."

एका बंद पडलेल्या खाणीतून जावयाने काळा, पापुद्र्यांचा दगड आणला होता. पातं घालून उकलला तर आत वीतभर मासा आडवा पडलेला. पण हा दगड ओला असेतोवरच दगड. वाळला की त्याचा भुगा, आणि माशाचाही. म्हणून तो ट्रेमध्ये, ओल्या फडक्याखाली. मासा पक्का धरून ठेवणारं रेझिन बाहेरगावाहून यायचं होतं. ते येण्याआधी जावयाचंच पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स निघालं. ऑपरेशनला आत नेताना तो बायकोला फडक्याचं सांगत राहिला. तिने ते काम वडिलांवर सोपवलं.

वडील फडकं भिजवायचे, कोपरा उचलून बघायचे, पुन्हा झाकायचे. मग झाकेनासे झाले. दुपारचं ऊन ट्रेमध्ये उतरायचं, दगडावरचं पाणी हलायचं आणि पाण्याखाली तो काळा मासा किंचित सरकल्यासारखा व्हायचा. बघता बघता त्यांचा डोळा लागायचा. झोपेत ते कुठल्याशा पाण्याच्या तळाशी बसलेले असत, श्वास घ्यायची घाई नसलेले, आणि कानाजवळून कोणीतरी सावकाश वळून जाई. जाग आली की ते ओंजळीने दगडावर पाणी सोडत. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

टाक्यांवर हात धरून जावई घरी आला, तो थेट टेबलाकडे. दगड ओलाच होता.

"हा वळत होता," सासरे म्हणाले. "शेपूट बघा. अंग आधी वळलंय, शेपूट मागून येतंय. वळणं पुरं झालं नाही त्याचं."

इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. त्यांची मुलगी खांद्यावरची पिशवी न उतरवता दारातच उभी राहिली.

रेझिन आलं. माशाभोवती मातीचा बांध घालून जावयाने ते मधासारखं हळूहळू ओतलं. घट्ट झाल्यावर सगळं पालथं केलं. आता मागून दगड पुरता काढायचा, म्हणजे मासा उलट्या अंगाने दिसणार होता, जे अंग अजून कोणीच पाहिलं नव्हतं. पण टाक्यांमुळे जावयाला वाकवेना. त्याने सुई सासऱ्यांच्या हातात दिली.

काळे पापुद्रे गळत गेले. पिवळसर रेझिनमध्ये तपकिरी काटे एकेक करून वर आले, संध्याकाळच्या पाण्यात दिसावेत तसे. एकदा सुई घसरली आणि एक पर निखळला. सासऱ्यांचा हात थांबला तो थांबलाच. जावयाने गोंदाच्या थेंबाने तो बसवला. जरा तिरकाच बसला.

"आता एका बाजूला ओढत पोहेल," सासरे म्हणाले आणि हसले.

पुढचा दगड त्यांनी मागून घेतला. फिकट, टणक, पाणी न लागणारा. शेपटीपासून सुरुवात करून ते कल्ल्यांपर्यंत आले आणि सुई खाली ठेवली.

"खरी मजा डोक्यातच असते, बाबा," जावई म्हणाला.

"असेल. ते आतच राहू दे. सगळं कशाला बाहेर काढायचं?"

जावयाचा हात सुईकडे गेला. मग त्याने ती पुसून डबीत ठेवली, आणि दोघं त्या अर्ध्या माशाकडे बघत बसले.