हेल्मुटचा डावा डोळा

शोभाताई चितळ्यांनी ओटाव्यात आयुष्यभर लोकांचे मोतीबिंदू काढले. निवृत्त झाल्यावरही त्यांची ही खोड काही गेली नाही. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या हेल्मुटच्या मागे तर त्या हात धुऊन लागल्या होत्या.

“अगं, रिटायर झालीस ना? नेबर्सना तरी सोड,” त्यांचे यजमान रवींद्र म्हणायचे.

“सोडू कशी? काल ड्राइव्हवे शोव्हल करताना सगळा स्नो माझ्या अंगावर टाकला त्याने! मी दिसलेच नाही म्हणे.”

हेल्मुट चित्रकार. उत्तर जर्मनीतला आपला दलदलीचा मुलूख, तिथलं काळं पाणी आणि बर्चची झाडं, एवढंच त्याने जन्मभर रंगवलं. कॅनडात संसार थाटला तरी दर उन्हाळ्यात तिकडे जाऊन त्याच काठावर ईझल मांडायचा. शेजारी बायको गेर्डा विणत बसलेली. ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं, भर दुपारचं चित्र त्याच्या हॉलमध्ये होतं. त्यानंतर तो तिकडे गेलाच नाही.

शेवटी म्हातारा मोतीबिंदू काढायला कबूल झाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पार पडलं, डाव्याची तारीख मिळाली. काही दिवसांनी शोभाताई गरम थालीपिठं घेऊन गेल्या, तर चित्र भिंतीवरून खाली आलेलं आणि पॅलेटवर निळ्या रंगाचे ढीग.

“डॉक्टर, हे आभाळ पिवळं आहे! मळकं, पिवळं! मी दुपार काढली होती. सगळं खोटं. गेर्डाने तरी सांगायचं!” त्याने ब्रश रंगात बुडवला.

शोभाताईंनी थालीपिठं बाजूला ठेवली. मोतीबिंदू निळा रंग हळूहळू खातो आणि माणसाला पत्ता लागत नाही, हे त्या पेशंटांना रोज सांगायच्या. पण आपल्या हट्टापायी गेर्डासोबतची ती दुपार पुसली जाईल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

“थांबा!” त्यांनी पुढे होऊन त्याच्या नव्या डोळ्यासमोर तळहात आडवा धरला. “आता बघा.”

हेल्मुट जुन्या, गढूळ डोळ्याने बघत राहिला.

“हीच,” तो हळूच म्हणाला. “अशीच होती. ती म्हणाली होती, ऊन फार आहे, टोपी घाल.”

त्याने ब्रश खाली ठेवला. शोभाताईंना हायसं वाटलं आणि रडूही आलं. एवढ्यात तो म्हणाला, “डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नको.”

“काहीतरीच काय! तो मोतीबिंदू वाढणार. वर्ष-दोन वर्षांत त्या डोळ्याला हे चित्रसुद्धा दिसणार नाही.”

“मग तेव्हा करू. रस्ता बघायला एक डोळा पुरे. क्लिनिकला तुम्हीच कळवा, माझं इंग्लिश फोनवर कुणाला कळत नाही.”

असल्या हट्टी पेशंटांना वळवण्यात शोभाताईंची हयात गेली होती. त्यांनी तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि चित्राची एक बाजू उचलली. मग दोघांनी मिळून चित्र परत भिंतीवर चढवलं.

घरी येऊन त्यांनी फोन लावला. रवींद्रांना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“तू? तू सर्जरी कॅन्सल करतेयस?”

“हो,” शोभाताई डोळे पुसत म्हणाल्या. “त्याला अजून थोडे दिवस बघायचंय.”