आत्याचा डोळा लागला

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती. आणि अशी पोरगी नोकरीला लागली ती गाद्यांच्या कंपनीत. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून गाद्या विकणार?" भिंगरीने समजावलं की विकायच्या नाहीत, मार्केटिंग करायचंय. "म्हणजे गोड बोलून विकायच्या," असं म्हणत आत्या भाजी निवडायला लागली.

ही आत्या म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. भिंगरीची आई गेल्यापासून घर तिनेच ओढलं होतं आणि वडील तिच्या शब्दाबाहेर नव्हते. तिने भाचीसाठी एका बँकेतली जागा हेरून ठेवली होती. खुर्ची पक्की, पगार पक्का. इथे सगळंच कच्चं होतं. काही महिने काम पाहू, जमलं तर ठेवू, असा मामला. ती मुदत आता संपत आली होती आणि भिंगरीचा जीव टांगणीला लागला होता. कारण तिला हे काम मनापासून आवडलं होतं. सकाळी गजराच्या आधी जाग यायची, इतकं.

ऑफिसने तिला इमारतीच्या तळमजल्यावरच्या, कंपनीच्याच दुकानात बसवलं होतं. लोक येतात आणि न घेता का जातात, ते बघ म्हणाले. नव्यांच्या गळ्यात हेच काम मारतात म्हणून बाकीचे हसले. ही मात्र खूश. बसून बसून तिने पाहिलं, की लोक येतात, पिकलेलं फळ दाबावं तशी दोन बोटांनी गादी दाबतात, "घरी विचारून सांगतो" म्हणतात आणि जातात. आता तुम्हीच सांगा, जिच्यावर वर्षानुवर्षं झोपायचं ती वस्तू बोटांनी कशी कळणार? पण आडवं कुणीच होईना. म्हणून एकदा ती स्वतःच लख्ख उजेडात, चार विक्रेत्यांदेखत गादीवर पडली आणि विंचू चावल्यासारखी उठली. लाज! किंमत नाही, रंग नाही, अडत होतं ते लाजेपाशी. लिफ्टची वाट न पाहता ती जिने चढून थेट मॅडमच्या खोलीत शिरली.

मॅडम मार्केटिंगच्या प्रमुख होत्या आणि मोजकं बोलत. त्यांनी ऐकून घेतलं. "लाज घालवणार कशी?"

"कुणीतरी आधी झोपलं पाहिजे. एक पडला की दुसऱ्याला धीर येतो."

"शनिवारी करून दाखव. तुझं काय करायचं तेही त्याच दिवशी ठरवू."

पण झोपणार कोण? एका मैत्रिणीला गादीवर झोपवून पाहिलं, तर ती खिदळायचीच थांबेना. पाहणाऱ्याला जिच्यावर चहाटळपणाचा संशयच येणार नाही, असं माणूस हवं होतं. असं एकच माणूस भिंगरीला ठाऊक होतं.

"येते," आत्या म्हणाली. "पण काही विकलं गेलं नाही, तर निमूट बँकेचा अर्ज भरायचा. तोंड वाकडं करायचं नाही."

भिंगरीने कबूल केलं.

शनिवारी दुकानाच्या काचेजवळच्या गादीपाशी पाटी लागली: 'या आमच्या आत्या. झोपून बघताहेत. तुम्हीही बघा.' आणि आत्या? दवाखान्यात नंबर लावल्यासारखी मांडीवर पर्स घेऊन ताठ बसलेली. लोक पाटी वाचत, आत्याकडे बघत आणि पुढे सरकत.

"आत्या, आडवी हो ना गं."

"बसूनही कळते गादी."

दुपार झाली तरी एक गादी हलली नाही. मॅडम येऊन काउंटरपाशी उभ्या राहिल्या. भिंगरीला डोळ्यांसमोर बँकेची खुर्ची दिसायला लागली. तेवढ्यात आत्या पुटपुटली, "पाठ भरून आली बाई. जरा टेकते." पहाटेपासून घरचं आवरून आलेली ती. टेकली, आणि बघता बघता घोरायला लागली. तेही असं, की पार दारापर्यंत ऐकू जावं.

 भिंगरी तिला उठवायला धावली, तर मॅडमनी तिचं मनगट धरलं. "राहू दे."

शेजारी एक म्हातारं जोडपं गादी दाबत होतं. आजी थबकल्या. "अहो, ही बाई खरंच झोपलीय," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि पलीकडच्या गादीवर अंग टाकलं. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तेही लवंडले. त्यांना बघून एक तरुण नवराबायको, मग लेकराला घेतलेली एक आई. बघता बघता अर्धं दुकान आडवं झालं आणि सगळे कुजबुजत बोलायला लागले, आत्याची झोपमोड नको म्हणून. विक्रेते चवड्यांवर चालत बिलं करत होते. भिंगरी या गादीवरून त्या गादीकडे भिरभिरत होती. आपल्या डोक्यात आलेली एक गोष्ट अशी डोळ्यांदेखत खरी होते, याचा तिला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं कळेना.

आत्या जागी झाली तेव्हा पायथ्याशी ते आजी-आजोबा उभे होते.

"काही विकलं का?" तिने चष्मा शोधत विचारलं.

"पुष्कळ. आणि ही गादी यांनी घेतलीय," विक्रेता म्हणाला. "तुम्ही उठायची वाट बघताहेत."

मॅडम पुढे आल्या. "आत्याबाई, पुढच्या शनिवारीही याल?"

आत्याने आधी अंबाडा नीट केला. मग भाचीकडे एकदा पाहिलं. 

"यायला काय," आत्या म्हणाली, "पण घरची पोरगी कच्च्या नोकरीत असली, की मला झोप लागत नाही हो."

मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "सोमवारी येऊन पक्कं पत्र घेऊन जा," त्यांनी भिंगरीला सांगितलं.

बाहेर पडताना भिंगरीने भीत भीत विचारलं, "आत्या, बँकेचं काय?"

"कुठली बँक?" आत्या म्हणाली. "चल लवकर. तुझ्या बापाला सांगायचंय, आपण मार्केटिंगमध्ये आहोत म्हणून."