मागे न जाणारी बस

रोदिओन साव्येलिच आयुष्यात कधीही मागे हटला नाही. कोत्लोव्स्कमध्ये हे कोणीही छातीठोकपणे सांगेल. गोलकीपर म्हणून वीस वर्षांत तो गोलरेषेच्या पुढेही फारसा आला नाही, हे सांगणारी माणसंही तीच.

बॉयलर कारखान्याच्या संघाचा गोल त्याने बोटं वाकडी होईपर्यंत राखला. मधला एक हंगाम मॉस्कोत गेला, तो सगळा राखीव बाकावर. त्या बाकामागून गरम पाण्याची नळी जायची, एवढीच मॉस्कोची त्याची आठवण. पुढे आधीचा प्रशिक्षक न सांगता पसार झाला, तेव्हा सामानाच्या खोलीची किल्ली साव्येलिचकडे होती, म्हणून तो प्रशिक्षक झाला. त्याची सगळी शिकवण एका वाक्यात मावायची: "गोल खाऊ नका." गोल करण्याबद्दल त्याचं काही म्हणणं नसे.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना साझिनोला होता. बरोबरी केली तर संघ आहे तिथे टिकणार, हरला तर खालच्या विभागात जाणार. संघाचे मालक व्हिसारियोन ओलेगोविच (सॉसेजचा कारखानाही त्यांचाच) आदल्या दिवशीच म्हणाले होते, "साव्येलिच, संघ खाली गेला तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं."

साझिनोत मुख्य रस्ता खणून ठेवला होता. चालक इग्नातने बस उजवीकडे घेतली, मग पुन्हा उजवीकडे, आणि पत्र्याच्या गॅरेजांच्या दोन रांगांमधून नेऊन थेट एका गंजक्या, बंद फाटकासमोर उभी केली. पलीकडे स्टेडियमच्या दिव्यांचे खांब दिसत होते. इग्नातचा हात गिअरवर गेला आणि त्याच्या हातावर साव्येलिचचा पंजा पडला.

"खबरदार!"

खेळाडू चढले की सामना होईपर्यंत बस मागे घ्यायची नाही, घेतली तर हार ठरलेली. रशियात हा नियम ऑफसाइडपेक्षा जास्त कडक पाळतात, आणि तो कळतोही जास्त लोकांना.

"अरे, मग जाऊ कुठून? उडून?" इग्नात म्हणाला. दोघे शाळेपासूनचे दोस्त. "वळायला जागा कुठाय?"

"मागे नाही घ्यायची."

"गेल्या साली मागे न घेताच पाच गोल खाल्लेत की!"

"घेतली असती तर दहा खाल्ले असते."

कर्णधार लापिनने मध्यम मार्ग काढला. "साव्येलिच, आम्ही उतरतो. इग्नातकाका रिकामी बस मागे घेतील, मग पुन्हा चढू. रिकामी बस धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

लापिनने मदतीसाठी मागच्या बाकांकडे पाहिलं.

"आणि बुटांचं काय?" मागून कोणीतरी म्हणालं. "बूट बसमध्ये राहिले म्हणजे आम्ही बसमध्येच की."

"मग बूट घालून उतर."

"आणि बॅगेतले मोजे?"

मोज्यांवर एकमत होईना, तेवढ्यात मालकांचा फोन आला. ते स्टेडियमवर कधीचेच पोचले होते. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

"आहात कुठे? पंच घड्याळ बघतोय! उशीर झाला तर न खेळताच हरलो!"

"फाटकापाशी अडकलोय."

"मग मागे घ्या ना!"

"घेणार नाही."

"मी मालक आहे, साव्येलिच!"

"व्हिसारियोन ओलेगोविच, तुम्ही सॉसेजमध्ये काय घालता, हे मी कधी विचारलंय का?"

साव्येलिचने फोन बंद करून खिशात टाकला. बसमध्ये टाळ्या पडल्या.

"उतरा," तो म्हणाला. "बुटांसकट, मोज्यांसकट. पायी जायचं."

"आणि बस?" इग्नातने विचारलं.

"जाऊ दे खड्ड्यात. पण पुढच्या खड्ड्यात."

शेवटच्या गॅरेजच्या शेजारच्या फटीतून पोटं आत ओढून सगळे पलीकडे निघाले आणि कोबीच्या वाफ्यांत घोट्याएवढे रुतले. वाफ्यात उभ्या म्हातारीने फावडं रोखलं.

"कुठल्या तुरुंगातून पळालात रे?"

"सामना आहे, आजी!"

"हरणार मग. तोंडावरच दिसतंय."

"बरोबरी करणार!" साव्येलिच गरजला.

मागे बसचा भोंगा केकाटायला लागला. लापिन वळू लागला, तर साव्येलिचने त्याची मान पुढे केली. "वळून बघायचं नाही! चिडलाय तो. चिडू दे." भोंगा पुन्हा वाजला, मग बराच वेळ वाजत राहिला. एकाही माणसाने मान वळवली नाही.

पंचाने पेनचं टोपण काढलं होतं, तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला संघ मैदानावर आला. साझिनोच्या खेळाडूंना वाटलं, यांचा आधीच एक सामना झालाय. खेळ साव्येलिचच्या शिकवणीबरहुकूम झाला. दहाजण गोलसमोर उभे, अकरावाही तिथेच. चेंडू आला की गॅरेजांच्या दिशेने हाणायचा आणि कोणीतरी आणून देईपर्यंत श्वास घ्यायचा. प्रेक्षक शिट्ट्या मारून थकले आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले. अखेरीस साझिनोचा एक गडी एकटा सुटला, गोलकीपरलाही चकवून त्याने चेंडू मारला, आणि चेंडू रेषेच्या अलीकडे चिखलात फसून थांबला. लापिनने त्यावर अंग टाकलं नाही एवढंच, बाकी पाय, गुडघे, सगळं टाकलं. शून्य-शून्य.

साव्येलिचचा घसा बसला होता. मालक जवळ आले, त्याच्या पँटकडे बघत राहिले.

"किल्ली राहू दे तुमच्याकडेच," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "सॉसेजचं मात्र बाहेर बोलू नका."

बाहेर दारातच बस उभी होती.

"घेतलीसच ना मागे!" साव्येलिच घोगऱ्या आवाजात ओरडला. "सामना संपायच्या आत घेतलीस की नंतर?"

"मागे कशाला घेऊ?" इग्नात म्हणाला. "तुम्ही गेलात, मी लघवीला उतरलो, जरा फाटकाला टेकलो. भोंगा वाजवून वाजवून हात दुखला, पण एक गाढव वळून बघेल तर शपथ."

फाटक नुसतं लोटलेलं होतं.