तिसऱ्या प्रकरणाचं क्रियापद

संस्थेत तिला सगळे शेवाळताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिची काही हरकत नव्हती. जन्मभर ज्याच्या मागे लागलो त्याच्याच नावाने हाक आली तर बिघडलं कुठे? भिंतींवरचं शेवाळ हा तिचा विषय. हवा खराब होऊ लागली की शेवाळ कडेकडेने तपकिरी पडत जातं, आणि तेही यंत्राला पत्ता लागण्याच्या आधी, हे तिने आपल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात मांडलं होतं. पुस्तक इंग्रजीत होतं. शास्त्र तिचं, इंग्रजी काडीने तपासलेलं.

काडी ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. तेव्हा बारीक होती म्हणून काडी. आता अंगाने चांगली भरली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दोघी एकाच मजल्यावर काम करत. काडीची आई इंग्रजी शिकवायची, त्यामुळे ती भाषा काडीच्या घरातलीच. ताईचा पहिला लेख तपासताना तिला हसू आवरलं नव्हतं.

"अगं बये, सगळीकडे 'सेज', 'सेज'! लेखक काय नुसता बोलतच बसलाय?"

"मग काय लिहू?"

"ऐक. दुसऱ्याच्या पुस्तकाबद्दल लिहिताना इंग्रजीत क्रियापदच निकाल देऊन टाकतं. 'शोज' लिहिलंस की तुला पटलं, तू पदरात घेतलंस. 'आर्ग्यूज' म्हणजे ऐकून घेतलं, पुढचं पुढे बघू. आणि 'क्लेम्स' म्हणजे म्हणतोय बापडा, मी काही हमी घेत नाही. शिवी न देता माणसाला दाराबाहेर उभं करायचं असेल ना, तर 'क्लेम्स'."

"आणि लेखक मेलेला असला तरी वर्तमानकाळच?"

"मेला तो लेखक. पुस्तक बोलतंच असतं ना!"

मग कॅन्टीनमध्ये दोघींचा खेळच झाला. "या चहात दूध आहे असं मालक क्लेम्स," काडी म्हणायची, आणि ताई कपात डोकावून म्हणायची, "आर्ग्यूज म्हण गं, थोडं दिसतंय."

यंदा संस्थेत जागेची ओढाताण सुरू झाली. ताईची शेवाळाची खोली ठेवायची की काढून घ्यायची, हे समिती ठरवणार होती. खोली गेली तर तिथे वाढवलेले नमुने ठेवायला दुसरी जागा नव्हती. म्हणजे कामच संपलं. समितीतली मंडळी पुस्तकं वाचत नसत, परीक्षणं वाचत. म्हणून संस्थेच्या इंग्रजी त्रैमासिकाने तिचं पुस्तक परीक्षणाला काडीकडे दिल्याचं कळलं तेव्हा ताई अगदी निर्धास्त झाली.

अंक आला तो तिने खोलीतल्या बेसिनपाशी उभ्या उभ्याच उघडला. पहिल्या प्रकरणाला 'डिस्क्राइब्ज'. दुसऱ्याला 'शोज'. तिचा जीव सुपाएवढा झाला. आणि तिसऱ्या प्रकरणाला 'क्लेम्स'. पुढच्या ओळीत पुन्हा 'क्लेम्स'. शेवटी तर 'बिलीव्ज', जणू शेवाळाचं तपकिरी पडणं ही ताईच्या मनाची समजूत होती.

तिसऱ्या प्रकरणातले निम्मे आकडे काडीने स्वतः घेतले होते. शिडीवर चढून, भिंतीला नाक लावून ती वरून माप ओरडायची आणि खालून ताई लिहून घ्यायची. पुस्तकात तसे आभारही मानले होते.

ताई अंक घेऊनच काडीच्या खोलीत गेली.

"हे तू लिहिलंस?"

"बस ना. चहा सांगू?"

"तिसऱ्या प्रकरणाला 'क्लेम्स' का?"

"अगं, एका शब्दाचं काय घेऊन बसलीस? बाकी किती कौतुक केलंय बघ की."

"एक शब्द! मला कुणी शिकवलं गं, कुठला शब्द कशासाठी असतो ते?"

काडीने टेबलावरची पेनं सरळ लावली. "हे बघ, मी तुझी मैत्रीण आहे हे सगळ्यांना माहीत आहे. उगीच गोड गोड लिहिलं असतं तर लोक हसले असते. जरा अंतर राखलं."

"अंतर राखायचं तर 'आर्ग्यूज' होतं की. तू भिंत स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीस, काडी."

"बघितली. नाही कुठे म्हणतेय?" काडीचा आवाज खाली आला. "हवा मोजायचं नवं यंत्र येतंय. मला विचारलं, सांभाळाल का म्हणून. निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांचं इंग्रजीच तपासत बसू का मी?"

"आणि यंत्र ठेवणार कुठे?"

काडीची नजर दाराबाहेर, ताईच्या खोलीकडे गेली. ताईला सगळं कळलं. कुणी परक्याने दावा साधला असता तर ती भांडली असती. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणारीला केस नेमका कुठे धरायचा ते ठाऊक होतं.

समितीच्या बैठकीला दोघींनाही बोलावलं. अध्यक्षांनी परीक्षणातलं ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "तुमच्याच मैत्रिणीला खात्री वाटत नाही, मग आम्ही काय करावं?"

"तिला विचारा," ताई म्हणाली. "मापं घेताना शिडीवर तीच होती."

सगळ्यांच्या माना काडीकडे वळल्या. ताईला त्या क्षणीही वाटत होतं की आता ती सांगेल. एवढ्या वर्षांची सोबत. माणूस कागदावर पाय मागे घेईल, पण तोंडावर नाही घेणार.

काडी हसली. तेच कॅन्टीनमधलं हसू. "मी गेले होते मदतीला एक-दोनदा. ताईंना आता नेमकं आठवत नसेल."

'ताई' म्हणाली ती, आणि तेही अहोजाहोत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

खोली गेली. महिनाअखेरपर्यंत रिकामी करा, असं अध्यक्षांनी जरा ओशाळूनच सांगितलं, आणि त्रैमासिकात उत्तर छापायचं असेल तर जरूर द्या, अशी वर साखरही पेरली.

बाहेर व्हरांड्यात काडी मागून भरभर आली.

"ऐक ना. उत्तर लिहिणार असशील तर लिही, मला राग नाही येणार. फक्त पाठवण्याआधी मला दाखव. तुझं इंग्रजी... म्हणजे चुका राहायला नकोत."

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. ती खरंच मनापासून विचारत होती. हेच सगळ्यात वाईट होतं.

"शिडीवर कोण होतं एवढंच लिहिणार आहे मी. तारखांसकट," ताई म्हणाली. "चुका राहिल्या तर राहू देत. माझ्या असतील."

आणि खोलीत जाऊन ती लिहायला बसली.