गळ्यातली काजळी

माझा निळा रंग आता फक्त दारांच्या कडांना उरला आहे, मित्रांनो. मी एक जुनी डिझेल गाडी आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा लांबलांबच्या रस्त्यांवर धावायची मला भारी हौस होती. पण मी आले एका नर्सताईंच्या घरी. त्या घरोघरी जाऊन रुग्णांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. या गल्लीतून त्या गल्लीत गेले, की लगेच थांबायचे. लोक म्हणत, "ताईंची गाडी दिसली की अर्धं दुखणं पळतं." ते ऐकून माझ्या पत्र्यावर मूठभर मांस चढे.

पण इंजिन नीट तापायच्या आतच मी बंद होत असे. धूर आणि तेलाची वाफ हवेच्या वाटेत साचत गेली आणि तिची डांबरासारखी काजळी झाली. मला श्वास पुरेना. मी खोकू लागले, काळा धूर ओकू लागले. एकदा भाजलेल्या एका रुग्णाकडे जाताना मी भर चढावर बंद पडले. ताई औषधांची पेटी उचलून पायीच वर गेल्या. लाजेने मान खाली घालावी, तर मला मान कुठली?

घरी त्यांचे यजमान म्हणाले, "विकून टाकू आता. किती लाड करायचे हिचे?"

"आधी उघडून तर बघू," ताई म्हणाल्या.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने हवेची नळी सोडवली. आत जेमतेम करंगळी जाईल एवढी वाट उरली होती. "साफ होईल, पण फार चिवट काम आहे," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही जमायचं."

"मी बसते तुमच्याबरोबर. चिवट कामाची सवय आहे मला."

सुट्टीच्या दिवशी ताई हातमोजे चढवून गॅरेजमध्ये हजर झाल्या. औषध ओतायचे, काजळी भिजू द्यायची, घासायची, पुसायची. फडक्यांचा ढीग काळा झाला. दुपारी ब्रशची एक तार तुटून आत पडली.

"एवढीशी तर आहे. निघून जाईल आपोआप," मेकॅनिक थकून म्हणाला.

"जखमेत कापूस राहिला असेल तर मी पट्टी बांधत नाही. टॉर्च धरा."

बराच वेळ दोघे माझ्यात डोकावत राहिले. तार झडपेच्या कडेला काजळीत रुतली होती. ताईंनी ती चिमट्याने अलगद ओढून काढली. मेकॅनिक हसला, "ताई, तुम्ही गॅरेजच टाका आता."

संध्याकाळी सगळे जोडून झाले. यजमान ताईंना न्यायला आले होते. ते हाताची घडी घालून दारातच उभे राहिले. ताईंनी चावी फिरवली. मी अडखळले, मागून काळा लोट निघाला. मी मनाशी ठरवले, आता माघार नाही. पुन्हा चावी फिरली, छातीभर हवा आत आली आणि मी सुरू झाले.

यजमान येऊन ताईंच्या शेजारी बसले. "चल, जरा लांब चक्कर मारू," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, गाडी खोकू लागली तर रेडिओचा आवाज वाढवू नका. तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळवा, वेळेवर उघडून बघा. हात काळे झाले तर होऊ द्या, ते साबणाने निघतात. उद्या सकाळी ताईंना डोंगरापलीकडे एका आजींची पट्टी बदलायला जायचे आहे. मी तयार आहे.