जामीनपत्राला टाचलेला फोटो

आमच्या इंडोनेशियातल्या योग्याकार्तात दर रविवारी पॅलेस्टाइनसाठी मोर्चा निघायचा, आणि दर रविवारी माझ्या भाडेकरूला व्यासपीठावर रडायला उभं करायचे. कुसै गाझाचा, इथे डॉक्टरकी शिकायला आलेला. मी त्याची घरमालकीण, मोर्चेकऱ्यांसाठी पिवळ्या भाताचे डबे भरणारी. म्हणजे मीही त्यातलीच.

त्याची एकच बहीण उरली होती, हदील. गाझाची सरहद्द अजून उघडी होती, पण बाहेर पडणाऱ्यांच्या यादीत नाव लागायला इथल्या एखाद्या संस्थेचं जामीनपत्र हवं होतं. मशीद समितीचे अध्यक्ष पाक रोफिक (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू), त्यांची एक सही पुरली असती. कुसैने जामीनपत्र लिहून नेऊन दिलं, वर तिचा फोटो पिनेने टाचला.

तीन रविवार गेले. शेवटी मीच भाताचा डबा घेऊन त्यांच्या अंगणात गेले.

"पाक, सही कधी करताय?"

"बू सुमी, जरा विचार करा. सगळेच निघून आले तर जमीन कुणाची राहील? शत्रूला हेच तर हवंय! हदीलने तिथेच पाय रोवून राहायला हवं."

"मेरापी ज्वालामुखीने नुसता धूर सोडला, तर तुम्ही बायकोपोरांसकट सोलोला पळालात!"

"ते वेगळं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." डबा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

मी कुसैला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तत्त्व त्यांचं, बू, आणि बॉम्ब माझ्या बहिणीवर."

मे महिन्यात सरहद्द बंद झाली. त्यानंतर अकराव्या दिवशी हदील गेली.

समितीने सात संध्याकाळी तिच्यासाठी दुआ ठेवली. पाक रोफिक सगळ्यांत मोठ्याने रडले. मला त्यांचा इतका संताप आला की भात करपला.

रविवारी मी कुसैला म्हटलं, "नको जाऊस बाळा."

"तिचं नाव घेणारेत, बू. कुणीतरी घरचं हवं ना."

मोर्च्याच्या अग्रभागी दोन पुरुष उंचीचा फलक होता. त्यावर हदीलचा चेहरा आणि खाली, 'आम्ही तुझ्यासोबत आहोत'.

"फोटो कुठून आला यांच्याकडे?" म्हणत कुसै पुढे गेला आणि थबकला. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं होती. फोटोबरोबर तीही मोठी होऊन माझ्या मुठीएवढी झाली होती.

त्याने त्यांतल्या एकावर तळहात ठेवला. मागून पाक रोफिकांनी माईक पुढे केला.

"बोल बाळा, लोक थांबलेत."